टिपाडातली बोट

तळ्यात चिखलसुद्धा उरला नव्हता. पण उद्या मत्स्य खात्याचे साहेब मच्छीमार सोसायटीची बोट बघायला येणार होते आणि तिचं इंजिन रेस कमी केली की बंद पडायचं.

"पाण्यात बुडवल्याबिगर चालवलं तर जळंल," शफी मिस्त्री म्हणाला.

चेअरमन सुंदररावांनी गावच्या टँकरमधून टिपाड भरून घेतलं. रांगेत शेवटी उभी असलेली छबुबाई रिकामी घागर घेऊन परत गेली.

शफीनं कार्बोरेटर साफ केला, इंजिनाचं पंख्याकडचं टोक टिपाडात बुडवलं आणि स्क्रू पिळला. इंजिन एका लयीत फुटफुटू लागलं, टिपाडात तेलाचा तवंग पसरला. सुंदरराव खूश झाले.

तेवढ्यात छबुबाई घागर घेऊन पळतच आली.

"बोटीचा आवाज ऐकला. तळ्याला पाणी आलं का, दादा?"

"बंद कर बे ते," सुंदरराव शफीवर खेकसले आणि टिपाड दिसू नये म्हणून त्याच्यापुढं उभे राहिले.