नुसतं नाव

नगराध्यक्षबाईंचं भाषण शिस्तीवर आलं, तेव्हा मामांनी भाचीला कोपराने ढोसलं.

"अगं, शेवटच्या आयटममध्ये मधला मोठा फवारा घेतलायस ना? बघ एकदा. आज पचका नको."

दोघं मंचाच्या बाजूला पडद्याआड लॅपटॉप घेऊन बसली होती. बागेतलं नाचरं कारंजं मामांनी वायरी-पाइप जोडून उभं केलेलं. त्याला नाचवणारा प्रोग्राम भाचीचा. आज बाईंना पसंत पडलं तर राहणार, नाहीतर हौद बुजवून तिथे पार्किंग. पार्किंगचा नकाशा काखोटीला मारून इंजिनिअरसाहेब पहिल्या रांगेत बसलेच होते. फोटो झकास यावेत म्हणून मंच हौदाला अगदी खेटून बांधायची अक्कलही त्यांचीच.

"घेतलाय रे मामा. दाखवते," भाची म्हणाली. "नुसतं नाव टाकलं की आत काय आहे तेवढंच दिसतं. चालवायचं तर पुढे कंस द्यावे लागतात."

तिने शेवटच्या आयटमचं नाव, 'जल्लोष', टाइप केलं आणि एंटर दाबलं.

आता, सकाळी तालमीत दर खेपेला कंस देऊन देऊन वैताग आला, म्हणून याच बयेने लॅपटॉपला एक छोटीशी कमांड दिली होती : यापुढे नुसतं नाव आलं तरी चालव. ती विसरली. तो बिचारा आज्ञाधारक.

"...आणि शिस्त म्हणजे प्रत्येक गोष्ट ठरल्या वेळी..." बाई एवढंच म्हणाल्या, आणि त्यांच्या पाठीमागून सगळे फवारे एकदम उसळले. स्पीकरमधून बँड सुरू झाला. मधला मोठा फवारा झाडाएवढा वर गेला, वर जाऊन क्षणभर विचारात पडला, आणि मग सगळाच्या सगळा बाईंवर आला. इंजिनिअरसाहेबांनी नकाशा डोक्यावर धरला. नकाशाचा लगदा झाला.

"बंद कर! अगं भवाने, बंद कर!"

"करतेय रे!" तिने 'थांब' टाइप केलं. कारंजं जागच्या जागी निपचित.

मामा टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागले. हरवलेलं काहीच नव्हतं.

बाई मंचावरून उतरल्या. चपला पचक पचक करत पडद्यापाशी आल्या. नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकत होतं.

"कोणी केलं हे?"

"मी," भाची म्हणाली. "म्हणजे... नुसतं नाव टाकलं होतं हो बाई."

बाईंनी वाकून स्क्रीनकडे पाहिलं.

"हे नाव?"

"हो."

"परत टाकून ठेव. एंटर दाबू नकोस." मग त्या पहिल्या रांगेकडे वळल्या. "साहेब, गाड्या काय हो, कुठंही उभ्या राहतील."

बाई पुन्हा मंचावर चढल्या. चपला काढल्या, कडेला नीट जोडून ठेवल्या. मघाच्याच जागी येऊन उभ्या राहिल्या, डोळे गच्च मिटले, दोन्ही हात पसरले आणि पडद्याच्या दिशेने ओरडल्या,

"हं, दाब!"