कुंपणावरची सूर्यफुलं

"हे सगळं फुकट घेऊन जा," मी भंगारवाल्याला बजावलं. सुनेनं बंद पडलेल्या सूतगिरणीची दातेरी चाकं पिवळी रंगवून शेताच्या कुंपणाला सूर्यफुलं म्हणून तारेनं बांधली होती, तीही मला न विचारता! या घरात माझ्या परवानगीशिवाय भेंडीसुद्धा चिरली जात नाही.

त्यानं पहिलं चाक सोडलं, तोच रस्त्यावर मोटार थांबली. शहरातल्या दोन बायका उतरल्या नि फोटो काढत सुटल्या. "आजी, काय सुंदर कुंपण! कल्पना कुणाची?"

माझी जीभ पहिल्यापासून आगाऊ. "माझीच!" बोलून गेली.

मागं सून उभी होती. वाटलं, आता माझी अब्रू घालवते. तिनं शांतपणे पक्कड पुढं केली. "आत्याबाई, सुटलेलं चाक बांधून दाखवा की यांना."

पक्कड मी उलटी धरली.