विरत जाणारे शोधनिबंध

डॉ. मृदुला खांडेपारकरांच्या नावावर आता एकच शोधनिबंध उरला होता. घरात मार खाल्लेल्या मुलांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं, पण निबंधातली अक्षरं त्या त्या मुलाच्या नाडीशी जोडलेली असत. मुलाच्या अंगातली भीती ओसरली, की अक्षरंही धुक्यासारखी विरत.

"बाई, बढतीसाठी दोन-चार तरी दाखवायला हवेत हो," अधिष्ठाता हळहळले. बाई नुसत्या हसल्या.

उरलेला निबंध रेशमचा होता. लहानपणी कुणी हात उचलला की ती डोकं झाकून घ्यायची, अगदी केस विंचरायला उचलला तरी. आज ती स्वतःच्या लेकीला लस द्यायला बाईंच्या दवाखान्यात घेऊन आली होती.

लेकीला टेबलावर बाईंचा कंगवा सापडला. तो मुठीत धरून तिने आईवर हात उगारला. बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या.

रेशमने डोकं पुढे केलं. "हळू हं, गुंता आहे," ती म्हणाली.

संगणकाच्या पडद्यावरच्या निबंधाच्या ओळी एकेक करून मावळल्या. बाईंच्या नावाखाली आता काहीच नव्हतं. त्यांनी अंबाडा सोडला, पोरीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता माझे विंचर."