तारखेच्या दिवसाची उसळ

“पातळ हाय,” गीताबाई म्हणाली आणि वाटी मुलीकडे सरकवली. “तूच संपव.”

निशिगंधानं पाव बुडवला. “पातळ कसली, वाटाणे नुसते आंघोळीला बसलेत. पाव मात्र फर्स्ट क्लास. आपल्या गावातला पाव आधी तव्यावर जिवंत करावा लागतो.”

मग ती वाकून हळूच म्हणाली, “बाबा नाहीत ना इथं?”

“नाय.”

कशेडीच्या पायथ्यापासून महाडपर्यंत हायवेवर जेवढी हॉटेलं होती, त्यांतल्या बहुतेक ठिकाणची काळ्या वाटाण्याची उसळ दोघींनी खाल्ली होती. श्रीपत आचारी होता. तो घर सोडून गेला तेव्हा निशिगंधा दुसरीत होती, आता नववीत. बाबांच्या हातची चव तिला आठवत नव्हती. ते काम आईच्या जिभेचं.

गल्ल्यावर नाव विचारणं गीताबाईनं केव्हाच सोडलं होतं. “नाव बदलता येतं. आणि कुणी विचारायला आलंय म्हटलं की माणूस मागल्या दारानं पळतो,” ती म्हणायची. “हात कुठं बदलतो?”

आज दुपारी महाडच्या कोर्टात तारीख होती. जमिनीतला श्रीपतचा हिस्सा त्याचा भाऊ महिपत सोडत नव्हता. श्रीपत समोर येऊन उभा राहिला तर देईन, नाहीतर तो आता या जगात नाही असं कोर्टानं लिहून द्यावं, असं त्याचं म्हणणं. सात वर्षं माणसाची काहीच खबर नसेल तर कोर्ट तसं लिहून देतं, असं वकिलांनी सांगितलं होतं. गीताबाईला आज ते शपथेवर सांगायचं होतं. शोधायला सकाळ तेवढी उरली होती.

एस.टी.त निशिगंधाचं तोंड चालूच होतं. मुंबईला मामानं नेलं होतं त्या हॉटेलात सांबार गोड होतं. सांबारात कुणी साखर घालतं का? आणि तिकडं दुकानात सगळं पुड्यांत बंद, डाळ हातात घेऊन बघता येत नाही. त्यापेक्षा आपलं महाड बरं. गावातला वाणी जी तूरडाळ देतो ती चार शिट्ट्यांनी शिजली तर आपण शाळेत पेढे वाटू.

गीताबाई खिडकीबाहेर बघत होती.

“आई, बाबा सापडले तर कोर्टात जायलाच नको ना?”

“नको.”

“मी त्यांना आधी रागवणार. मग घरी नेणार.”

गीताबाईनं तिकिटं पदराच्या गाठीत बांधली.

शेवटचं हॉटेल महाडच्या अलीकडं होतं, याच वर्षी उघडलेलं. पत्र्याची शेड, चार टेबलं. गल्ल्यावर तिशीतली एक बाई होती आणि तिच्या मांडीवर लहानगी पोर.

“बसा मावशी. पंखा लावते.”

उसळ आली. गीताबाईनं एक घास घेतला. थांबली. पाणी प्यायली. दुसरा घास घेतला.

“मस्त आहे,” निशिगंधा म्हणाली. “ही खरी उसळ! आई?”

“नाय.”

निशिगंधाचा हात ताटलीतच राहिला. आता बघायचं हॉटेल उरलं नव्हतं.

“खा गो. भूक लागलीय मला,” गीताबाई म्हणाली आणि तिनं आणखी एक वाटी मागवली.

गल्ल्यावरची बाई खूश झाली. स्वतःच वाटी घेऊन आली. “आवडली ना? आचारी नाय ठेवला आम्ही. आमचे हेच करतात, मागं चुलीवर असतात. घाटावरचे हायत, पण इकडं येऊन सगळं शिकले.”

“मिरची कुठली घालता?”

“महाडातनं आणते. लालभडक बघून.”

“लालभडक घेऊ नको, रंग लावतात मेले. देठ बघ. देठ हिरवट असला तर घे.”

“बरं झालं सांगितलंत. ह्यांना तिखट लागतं.”

“लागतंच पुरुषांना.”

पोर टेबलाला धरून उभी होती. गीताबाईनं तिच्या हनुवटीवरचा रस्सा पदरानं पुसला आणि उठली.

कोर्टात गर्दी नव्हती. महिपत मागच्या बाकावर पाय हलवत बसला होता. गीताबाई उभी राहिली, शपथ घेतली.

“नवऱ्याची काही खबर?” साहेबांनी विचारलं.

“नाय साहेब.”

“शोध घेतला?”

“घेतला. हाटेलाहाटेलात हिंडले.”

“शेवटचा कधी?”

“आजच. सकाळी.”

“काही कळलं?”

निशिगंधा आईच्या पाठीकडं बघत होती. पाठ हलली नाही.

“काय नाय साहेब.”

टाइपरायटर वाजला. गीताबाईनं दाखवतील तिथं सही केली. निकाल पुढच्या तारखेला लागेल, पण काम झाल्यातच जमा आहे, असं वकील बाहेर येऊन म्हणाले. महिपतनं चहा विचारला. ती नको म्हणाली.

मग दोघी बाजारात गेल्या. साखर, तूरडाळ, खोबरं, चहाची पूड. गीताबाईनं डाळ तळहातावर घेऊन बघितली, भाव केला, पिशवी भरली. नेहमीसारखंच. निशिगंधाला वाटत होतं आता रडू येईल, पण ते येईना. बाबा गेले म्हणजे नक्की कधी गेले, आज की तेव्हा, हेच तिला ठरवता येत नव्हतं.

स्टँडवर बाकावर टेकल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली.

“ती शेवटची उसळ मला सगळ्यांत आवडली. तुला?”

गीताबाईनं पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये नीट उभी केली.

“बरी होती. खोबरं तेवढं करपलं होतं,” ती म्हणाली. “म्हातारा झाला गो तुझा बापूस.”