मेला की एकच पान

"इन्सुलिन दहापट टाक आणि मोकळी हो," शेजारच्या संगणकावरून वैजयंती सिस्टर कुजबुजली. "पेशंट मेला की एकच पान भरावं लागतं. बरा करून घरी सोडायला गेलीस तर ढीगभर पानं, जेवायची सुट्टी गेली."

नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणात सगळ्या नर्स तेच करत होत्या, काहीजणी तर खिदळत. मालनला शिसारी आली. पडद्यावरच्या खाटेवर आबा दुसाने होते, तिच्याच वॉर्डात दिवाळीआधी वारलेले. त्यांचं मन, आवाज, खोकला, सगळं हॉस्पिटलने सरावासाठी संगणकात उतरवून ठेवलं होतं.

"प्रत्येकीसाठी ते नव्याने सुरू होतात. मागचं त्यांना काही आठवत नाही," प्रशिक्षक मुजुमदार सरांनी सकाळीच सांगितलं होतं, चहात बिस्किट बुडवत.

मालनने इन्सुलिनला हात लावला नाही. ती घरी सोडण्याची पानं एकेक करून भरू लागली.

"आबा, कुठे दुखतंय का?" तिने माइकमध्ये विचारलं. वैजयंती फिस्सकन हसली.

आबांनी डोळे उघडले. त्यांनी मालनकडे पाहिलं आणि ते ओशाळल्यासारखे हसले.

"सिस्टर, माझ्यापायी उगाच खोळंबू नका," ते म्हणाले. "तुमचं जेवण राहील. सकाळपासून बाकीच्यांनी टोचूनच उरकलंय."

आणि त्यांनी आपणहून बाही वर सरकवली.