पाचजणींचा भोंडला

बंगल्यांच्या त्या कॉलनीत शरयूताईंचा शब्द अखेरचा. मागच्या वस्तीला तिथेच बारा मजली इमारतीत घरं मिळणार हे कळल्यावर त्यांनीच फाटकावर भलामोठा फ्लेक्स लावला होता, ‘गर्दी नको!’ उद्या महापालिकेतल्या सुनावणीला तो घेऊनच जायचं ठरलं होतं.

आज मात्र भोंडला होता. अंगणात पाटावर हत्ती मांडला, पण फेर धरायला जमल्या पाचजणी. लेकी-सुना परदेशात, आणि पाचांतल्या दोघींचे गुडघे बदललेले. दुसऱ्या गाण्यालाच फेर धापा टाकत थांबला.

“हा काय भोंडला झाला?” शरयूताई चिडल्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून वस्तीतली सुगंधा ओरडली, “काकू, आम्ही येऊ का? सगळी गाणी पाठ आहेत आम्हाला!”

शरयूताईंनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा हत्तीकडे. “या,” त्या म्हणाल्या, “पण सुरात गा हं!”

बघता बघता अंगण भरलं. फेर फाटकाबाहेर रस्त्यावर गेला. खिरापत ओळखताना तर नुसता कल्ला झाला. शरयूताईंच्या साटोऱ्या कुणालाच ओळखता आल्या नाहीत, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

खायला बसताना सतरंजी अपुरी पडली. शरयूताईंनी फ्लेक्स सोडवून आणला आणि अंगणात अंथरला.

“अहो, उद्या सुनावणीला न्यायचाय तो!” शेजारच्या पेंढारकरवहिनी कळवळल्या. “तूप सांडेल त्यावर!”

“सांडू दे.” शरयूताई मधोमध मांडी घालून बसल्या आणि उभ्या असलेल्यांना हाका मारू लागल्या, “या गं, जरा सरकून घ्या. मावतील सगळ्याजणी!”