गॅरेजमधली इन्व्हेस्टमेंट

इंग्लंडात मिल्टन कीन्सला घर घेतल्यावर नवरोबांनी गॅरेजमध्ये एक महागडं पिनबॉल मशीन आणलं. त्यावर एक जुनं व्हिडिओ गेमचं मशीन फुकट मिळालं.

"उल्का, व्हिडिओ गेम शेवटी भंगारात जातात, पिनबॉलचा भाव वाढतो. ही इन्व्हेस्टमेंट आहे, खेळणं नाही," असं मला अर्थशास्त्र शिकवून त्यांनी पिनबॉलवर जाड प्लास्टिक चढवलं. ते फक्त खंडेनवमीला, हार घालण्यापुरतं निघायचं. आमची उर्वी बिचारी व्हिडिओ गेम बडवत मोठी झाली.

सात वर्षांनी गिऱ्हाईक आलं. पडून पडून पिनबॉल सुरूच होईना. जाताना ते म्हणालं, "तो व्हिडिओ गेम मात्र जपा. चालू मशीनला हल्ली चांगला भाव येतो."

आता उर्वीला पिनबॉलला हात लावायची पूर्ण परवानगी आहे.

प्लास्टिक व्हिडिओ गेमवर चढलंय.